दिवाळीआधी ठरवा : छात्राध्यापकांच्या सोळा आठवड्यांसाठी एक आवाहन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील, त्या दिवशी निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला या आमच्या भागातल्या शाळांमध्ये बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली छात्रसेवाकालासाठी रुजू होतील. सोळा आठवडे, परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत. या कामाचा त्यांना एक रुपयाही मिळत नाही, आणि त्यांची दिवसाची कमाई बंद होते तीही नेमकी याच काळात. कोण कुठे राहणार, कोण कशाने येणार, कोणाचं काम सुटणार हे सगळं सुट्टीतच ठरतं. म्हणून हे आवाहन आत्ता करते आहे. शाळा उघडल्यावर वाचलंत तर हळहळ वाटण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

वर्गणी मागत नाही. पावतीपुस्तक नाही, खातेक्रमांक नाही. दुकानदार, बागायतदार, मुख्याध्यापक, बी.एड. महाविद्यालयं, शाळेजवळ घर असलेली माणसं आणि या मुलांच्या घरची मंडळी, यांच्याकडून प्रत्येकी एखादी गोष्ट हवी आहे. ती कोणती ते पुढे येईलच. आधी अडचण काय आहे ते नीट सांगते, कारण ती ज्यांच्या घरात नाही त्यांना ती दिसतच नाही.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे येणाऱ्या छात्राध्यापकांचे पाठ बघणं, टाचणवहीवर शेरा लिहिणं हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. गावातली बरीच मंडळी अजून बी.एड. म्हणजे एका वर्षाचा कोर्स समजतात. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांप्रमाणे त्यातले किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. एरवीच्या तासांना हजेरी ८० टक्के लागते, छात्रसेवाकालाला ९०. शनिवार धरून सहा दिवसांचा आठवडा मोजला तर सोळा आठवड्यांचे ९६ दिवस होतात. त्यात घरचं लग्न, स्वतःचं आजारपण, आईला नाशिकला दवाखान्यात न्यायचं, टीईटीचा पेपर, शिष्यवृत्तीसाठी बँकेत आणि तहसीलमध्ये घालायच्या खेपा, या सगळ्याला मिळून नऊ दिवस उरतात.

हा नियम जाचक आहे, तो सैल करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. तो सैल झाला तर सगळ्यात आधी विरोध मी करीन. कारण या सोळा आठवड्यांत काय घडतं ते मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहिलेलं आहे.

गेल्या काही वर्षांतली एक छात्राध्यापिका सांगते. सुरगाण्याकडची. सातवीचा वर्ग मिळाला होता. पहिल्या आठवड्यातला पाठ म्हणजे टाचणाचं पाठांतर. प्रस्तावनेचे चार प्रश्न, ठरलेली उत्तरं, मग हेतुकथन : ‘आज आपण अमुक कवितेचा अभ्यास करणार आहोत.’ फलकावर तारीख, विषय, घटक, खाली रंगीत खडूची रेघ. एका मुलाने मध्येच भलता प्रश्न विचारला तर तिचा चेहरा उतरला, कारण तो प्रश्न टाचणात नव्हता. पुढच्या चार-सहा आठवड्यांत हे हळूहळू गळत गेलं. खिडकीजवळचा एक मुलगा फळ्यावरचं सगळं सुंदर अक्षरात उतरवून घेतो आणि त्यातलं एक वाक्यही त्याला वाचता येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते तिने हेरलं. मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसायला लागली. वही बाजूला ठेवून, फळ्याकडे पाठ करून, पोरांच्या तोंडाकडे बघत तिने पाठ घेतला, त्या दिवशी मी शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही, नुसती सही केली. हे पहिल्या पंधरवड्यात होत नाही. रोज तीच पोरं, तोच वर्ग, तीच चिडचिड असं आठवडेच्या आठवडे गेल्यावर होतं. शिक्षक घडतो तो इथे. बाकीचं पुस्तकात आहे.

आता याच मुलीच्या खर्चाकडे बघा. शिक्षण शुल्काचा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत सुटलेला असतो. मागासवर्गीयांना शिष्यवृत्ती आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण शुल्क माफ झालं म्हणजे शिक्षण फुकट झालं असं समजणाऱ्यांनी एकदा छात्राध्यापकाची पिशवी उघडून बघावी. कार्डशीट, स्केचपेन, तक्त्यांच्या पट्ट्या, टाचणवह्या, कृतिसंशोधनाचा अहवाल टाइप करून बांधून घेणं, जर्नलच्या प्रिंट. गणवेशाची साडी, तीही एक पुरत नाही. खोलीचं भाडं, मेस. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी खात्यावर कधी पडेल याचा नेम नाही, आणि घरमालक महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा असतो.

एसटीची गंमत तर वेगळीच. विद्यार्थ्याचा सवलतीचा पास असतो घर ते महाविद्यालय या मार्गाचा. छात्रसेवाकालाची शाळा असते तिसऱ्याच दिशेला. मुलींना २०२३ पासून तिकीट अर्धं झालं, तेवढा आधार. मुलांना पूर्ण.

हे सगळं निभत असतं ते कामावर. आमच्या भागात ही मुलं काय काय करतात ते ऐका. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत रात्रपाळी. मेडिकलवर संध्याकाळचा काउंटर. पेट्रोल पंप. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरणं-उचलणं. खासगी क्लासमध्ये आठवी-नववीला शिकवणं. तुळशीचं लग्न झालं की केटरिंगवाल्याकडे वाढपी. मोबाइलवरच्या ॲपवरून जेवणाचे डबे पोचवणं. आणि द्राक्षबाग. पेठ-सुरगाण्याकडून जी माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत येतात त्यांच्या टोळ्यांमध्ये बी.ए., बी.एस्सी. झालेली, बी.एड. करणारी पोरं असतात, हे बागायतदारांना ठाऊक आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की दिवाळीच्या पुढेमागे घड बाहेर पडतात. मग डिपिंग, मग विरळणी : हातात बारीक कात्री घेऊन घडातले मणी एकेक करून काढायचे, मान वर करून, दिवसभर. टोळीने उक्तं काम घेतलं तर या दिवसांत हातात चांगले पैसे येतात. वर्षाचा खर्च पुष्कळांचा यातूनच निघतो. आणि हेच आठवडे छात्रसेवाकालाचे. काम आहे, हात आहेत, आणि ते हात त्या वेळी खडू धरून उभे आहेत.

कोणी म्हणेल, ‘कमवा व शिका’ योजना आहे की. आहे, आणि चांगली आहे. पण तिच्यातलं काम महाविद्यालयाच्या आवारातलं : ग्रंथालय, कार्यालय, बाग. छात्राध्यापक दिवसभर शाळेत, त्यामुळे गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा तेही हातातून जातं.

मग पोरं मार्ग काढतात. एक मार्ग, रात्रपाळी चालू ठेवायची. सकाळी सातला कंपनीतून सुटायचं, खोलीवर अंघोळ, एसटीत उभ्याउभ्या टाचण उतरवायचं, परिपाठाला हजर. चौथ्या तासिकेला हा मुलगा फळ्याला टेकून उभा असतो ते आळसाने नव्हे, हे मला आता चेहऱ्यावरून कळतं. पण सातवीच्या पोरांना कळत नाही. त्यांना एवढंच कळतं की सरांचं लक्ष नाही. दुसरा मार्ग, कर्ज. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं, पुढे घरच्यांना आणि मित्रांना फोन करून छळणारं. तिसरा मार्ग म्हणजे अर्ध्यावर सोडणं; तो मुलींच्या वाट्याला जास्त येतो.

आणि चौथा मार्ग, ज्याबद्दल सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. जास्तीची रक्कम भरा, येऊ नका, हजेरी लागेल, पाठांच्या वह्या तयार मिळतील. ‘नॉन-अटेंडिंग’ असं त्याचं नावसुद्धा आता राजरोस घेतलं जातं. जो धंदा करतो तो दोषी आहेच. पण गिऱ्हाईक कसं तयार होतं ते बघा. ज्याला रोज हजर राहणं परवडत नाही, तो कुठून तरी एकदाच पैसे उभे करतो आणि सोळा आठवडे कामावर जाऊन ते फेडतो. हिशेबाने त्याचं चूक नाही. चुकतं ते पुढे, त्याच्या वर्गात बसणाऱ्या पोरांचं. एकही वर्ग नीट न सांभाळता तो एक दिवस तुमच्या नातवासमोर उभा राहील. छात्राध्यापकाच्या पोटाचा प्रश्न हा म्हणून त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. या आवाहनात मी जे मागते आहे ते त्याच्यासाठी अर्धंच. उरलेलं अर्धं त्या खिडकीजवळच्या मुलासाठी आहे.

सरकारकडे बघून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टरकीच्या इंटर्नला विद्यावेतन असतं. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिच्यात पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये ठरले, आणि त्यातले कितीतरी प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्येच नेमले गेले. शिक्षण चालू असलेल्याला मात्र त्या योजनेत जागा नाही. म्हणजे शाळा तीच, वर्ग शेजारचा. एकाला महिन्याचे दहा हजार, आणि जो खरोखर शिक्षक व्हायला निघाला आहे त्याच्या हातात भोपळा. बरं, पुढे पवित्र पोर्टलवरून नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर : २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००. आज काढलेलं कर्ज त्यातून फेडायचं. छात्रसेवाकालाला विद्यावेतन द्या, निदान प्रवासखर्च आणि दुपारच्या जेवणापुरतं तरी द्या, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे आपण लावून धरू. शिक्षक आमदार मतं मागायला येतात तेव्हा हाही विषय काढा. पण ते होईल तेव्हा होईल. शाळा दिवाळीनंतर उघडते आहे.

तेव्हा आता ज्याचं त्याला सांगते.

दुकानदार, क्लासवाले, पंपचालक, मेडिकलवाले : तुमच्याकडे जो मुलगा किंवा मुलगी काम करते ती बी.एड.ला आहे का, एवढं या आठवड्यात विचारा. असेल तर तिचं काम सोडवू नका, वेळ बदला. संध्याकाळी सहाच्या पुढचे तीन तास आणि रविवारचा पूर्ण दिवस, एवढ्यावर सोळा आठवडे चालवून घ्या. रात्री नऊच्या पुढे थांबवू नका; तिला अजून टाचण काढायचं असतं. पगार महिन्याऐवजी आठवड्याला द्या, कारण एसटीचं तिकीट रोज काढावं लागतं. उचल मागितली तर द्या, पण ती वर्षभर बांधून ठेवणारी करू नका. उचलीपायी काम सोडता न येणं काय असतं हे या भागातल्या माणसांना नव्याने सांगायला नको.

बागायतदार भाऊंनो, तुमच्याकडे मागणं अगदी नेमकं आहे. विरळणीचं काम टोळीला उक्तं देताना रविवारच्या आणि शनिवारी दुपारनंतरच्या कामापुरती छात्राध्यापकांची वेगळी टोळी घ्या. एकराचा हिशेब जमणार नाही, रोजंदारी द्या. मुकादम कुरकुर करील, त्याला तुम्ही समजावा. जानेवारीत काढणी सुरू झाली की पॅकिंग शेडमध्ये संध्याकाळचं वजनाचं आणि नोंदीचं काम असतं. पदवी झालेली, हिशेबाला पक्की पोरं तुम्हाला एरवी शोधूनही मिळत नाहीत.

मुख्याध्यापकांना हात जोडून सांगते, आणि थोडं स्पष्ट सांगते. शाळेत जागा रिकाम्या आहेत, भरती होत नाही, हे खरं. पण छात्राध्यापक आला की त्याच्यावर तीन वर्गांच्या बदली तासिका टाकायच्या, ऑनलाइन माहिती भरायला बसवायचं, हे छात्रसेवाकालात बसत नाही. तो शिकायला आला आहे. दिवसातली एक तासिका त्याला टाचणासाठी मोकळी द्या आणि ती खरोखर मोकळी ठेवा. तीच तासिका रात्रीची झोप होऊन त्याच्या उपयोगी पडते. ज्याला संध्याकाळी कामावर जायचं आहे त्याला शाळा सुटल्यावरच्या सभांना अडकवू नका. शाळेत आधीच पडलेले तक्ते, नकाशे, मॉडेल वापरू द्या. कपाटाची किल्ली हरवली असेल तर कुलूप तोडा. आणि जेवणाचं बघा. पोषण आहार मुलांसाठी आहे, त्यातला घास छात्राध्यापकाला देता येत नाही, हे बरोबरच आहे. पण शिक्षकखोलीत सगळे डबे उघडतात तेव्हा कोणी ‘मला भूक नाही’ म्हणत व्हरांड्यात उभं राहिलं तर त्याला खरंच भूक नाही असं मानू नका. एकेकाने एक पोळी जास्त आणली तरी काम होतं. आमच्याकडे ते विनाबोभाटा चालतं.

महाविद्यालयांकडे माझ्या मागण्या जास्त आहेत. शाळा वाटताना विद्यार्थ्याचा पत्ता बघा. देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला ओझरला आणि ओझरच्याला देवळालीला पाठवण्यात कोणतं शिक्षणशास्त्र आहे? ज्याला रात्री काम आहे, ज्याच्या घरी लहान मूल आहे, त्याने तसं लेखी दिलं तर त्याचा विचार आधी व्हावा. वेळापत्रक दिवाळीआधी हातात द्या, म्हणजे त्याला मालकाशी बोलता येईल. फीचा हप्ता याच चार महिन्यांत आणू नका. आणला तर परीक्षेचा अर्ज अडवण्याची भाषा करू नका. शैक्षणिक साहित्याचा हट्टही सोडा. प्रत्येक पाठाला नवा तक्ता, चकचकीत मॉडेल, असं कोणत्याही विनियमात लिहिलेलं नाही. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी पाठांच्या आदल्या रात्री स्टेशनरीवाल्याकडे थर्माकोलसाठी रांग लागते, हा विनोद मला अजून समजलेला नाही. चांगलं फलकलेखन, पाठ्यपुस्तकातलं चित्र आणि दारातल्या झाडाचं पान एवढ्यावर उत्तम पाठ होतो. त्याला गुण द्यायला शिका. शिवाय ‘कमवा व शिका’चं काम छात्रसेवाकालाच्या शाळेत देता येईल का ते विद्यापीठाला विचारा. शाळेचं ग्रंथालय लावायचं असतं, प्रयोगशाळेची यादी वर्षानुवर्षं झालेली नसते. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ते काम छात्राध्यापकाने केलं आणि त्याचे तास योजनेत धरले, तर दोघांचंही भागेल. आणि सरावशाळेचा मार्ग नमूद केलेलं पत्र प्रत्येकाच्या हातात द्या. ते घेऊन मुलांनी आगारात जावं, पास त्या मार्गाचा करून मागावा. आगारप्रमुखांनीही मुलांना ठरावीक उत्तर देऊन परत पाठवू नये, ही त्यांना वेगळी विनंती.

शाळेजवळ राहणाऱ्यांकडे मागणं जुनं आहे. पुण्या-नाशकात गरीब मुलं सात घरी वार लावून जेवत आणि शिकत. त्या ताटाला जातीची वेस होती, हेही लपवायचं कारण नाही. म्हणून तर शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, आणि कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. तिथली चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आज तेवढं कोणी मागत नाही. मुलं पुण्या-मुंबईला गेल्यामुळे वरची खोली रिकामी असेल तर ती सोळा आठवड्यांसाठी अनामत न घेता द्या. भाडं घ्या, पण महिनाअखेरीला घ्या. खोली नसेल तर आठवड्यातून एक रात्रीचं जेवण द्या. आणि जात विचारू नका. आडनावावरून काढूही नका.

घरच्या मंडळींशी जरा जिव्हाळ्याने बोलते. बी.एड.ला येणाऱ्या मुलींमध्ये लग्न झालेल्या, मूल असलेल्या पुष्कळ असतात. त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि शाळेत त्या ज्या झोपेत असतात ती मागच्या कित्येक रात्रींची असते. सासूबाई, सासरे, दीर, नवरोबा : हे सोळा आठवडे घरातलं एक काम तुम्ही पूर्ण उचला. मदत म्हणून नको, उचलाच. सकाळचा स्वयंपाक किंवा बाळाला सांभाळणं, दोन्हींपैकी एक. डिसेंबरातली नात्यातली लग्नं तुम्ही उरका, तिला सगळीकडे मिरवायला नेऊ नका. संक्रांतीचं हळदीकुंकू एक वर्ष तिच्याशिवाय झालं तर काही बिघडत नाही. सून शिक्षिका व्हावी म्हणून तुम्हीच फॉर्म भरलात ना?

आता छात्राध्यापकांनो, तुमच्याशी. अडचण पहिल्या दिवशी सांगा. तिसऱ्या आठवड्यात गैरहजेरी लागल्यावर सांगितली की ती सबब वाटते. मार्गदर्शक शिक्षकाला बाजूला घेऊन सरळ म्हणा, ‘मॅडम, मी संध्याकाळी अमुक ठिकाणी काम करतो, सहाला निघावं लागतं.’ यात लाजण्यासारखं काय आहे? दिवाळीच्या सुट्टीत घटक नियोजन आणि पहिल्या पंधरवड्याची टाचणं काढून ठेवा, विषयशिक्षकाकडून घटक आधीच मागून घ्या. महाडीबीटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खात्याची जोडणी हे याच सुट्टीत तपासा. छात्रसेवाकालात तहसीलला जायला दिवस मिळणार नाही. रात्रपाळी जमली तर सोडा, तिच्याऐवजी रविवार धरा. कमी पैसे मिळतील, पण वर्गात उभं राहता येईल. ॲपवरचं कर्ज काढू नका. पाच-सहा जणांनी मिळून दरमहा थोडे थोडे घालून आपसांत भिशी करा, ज्याला नड त्याला पहिली. क्लासमध्ये शिकवत असाल तर ज्या शाळेत छात्रसेवाकाल आहे तिथल्या मुलांच्या शिकवण्या मात्र घेऊ नका. शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने बंदी आहे. तुम्ही अजून शिक्षक नाही, पण पोरांच्या नजरेत सरच आहात. टीईटी आणि अभियोग्यता चाचणीचा अभ्यास या काळात रेटून होणार नाही, हे मान्य करून टाका. पाठ्यपुस्तक वर्गात नीट शिकवलंत तर त्यातला बराच भाग आपोआप होतो. आणि वह्या विकत मिळतात तिकडे फिरकू नका.

व्यवहाराचं शेवटचं. काम, खोली, जेवण, जुनी पण चांगली गणवेशाची साडी, मोटारसायकलवरची मागची जागा, यातलं जे देता येईल ते जवळच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा बी.एड. महाविद्यालयाच्या कार्यालयात एका चिठ्ठीवर लिहून द्या. काय देता, कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या गावात, एवढंच लिहा. मोटारसायकलवाल्यांनी रोजचा रस्ता आणि निघायची वेळ लिहावी; ओझर-पिंपळगाव आणि सिन्नर-नाशिक या रस्त्यांवर सकाळी नऊच्या सुमाराला सगळ्यात जास्त गरज असते. मुलींसाठी खोली देणार असाल तर घरात कोण कोण राहतं तेही लिहा, महाविद्यालयातल्या मॅडम येऊन बघून जातील. चिठ्ठ्या वसुबारसेच्या आधी पोचू द्या. शाळावाटपाची यादी त्याच सुमाराला लागते, आणि कोणत्या मुलाला कोणत्या गावात पाठवायचं हे एकदा ठरलं की मग ते बदलत नाही.